वाकणाऱ्या गाडीचा जनक : बेला बारेनी

आपल्याकडे छोटी गाडी घेतली की महिन्याभरात तिला पुढून लोखंडी गार्ड बसवायची पद्धतच पडून गेली आहे. कुणी त्याला बुल गार्ड म्हणतं, कुणी बंपर गार्ड, कुणी क्रॅश गार्ड. ॲक्सेसरीजच्या दुकानातला माणूस बंपरवर टिचकी मारून सांगतो की हे काय, प्लॅस्टिक आहे. मग पाइपवर टिचकी मारतो. टण्ण आवाज येतो आणि आपल्या आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. आता कुणी ठोकलं तरी काळजी नाही! गाडी जितकी टणक, तितके आतले लोक सुखरूप, हे कुणालाही लगेच पटतं.

शंभर वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या मोटार इंजिनियर्सनाही हेच पटलेलं होतं. मग एका माणसाने एक साधा प्रश्न विचारला. गाडी वाकली नाही, तर धक्का जातो कुठे? त्या माणसाचं नाव बेला बारेनी. आपल्याकडे बेला म्हटलं की मुलीचं नाव वाटतं, पण हंगेरीत ते मुलाचं नाव आहे. थिअरीच्या पुस्तकात हेन्री फोर्ड भेटतो, रुडॉल्फ डिझेल तर रोजच भेटतो, पण बारेनी फारसे भेटत नाहीत. मोटारींच्या जगात मात्र त्यांना पॅसिव्ह सेफ्टीचे जनक मानतात.

बेलाचा जन्म १ मार्च १९०७ चा. गाव हिर्टेनबर्ग, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराजवळचं. तेव्हा ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे एकच साम्राज्य होतं. घराणं श्रीमंत उद्योजकांचं. ज्या काळात रस्त्यावर घोडागाड्याच जास्त होत्या, त्या काळात यांच्या घरी ऑस्ट्रो-डाइमलर मोटार होती. त्या गाडीने छोट्या बेलाला जे वेड लावलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

पण श्रीमंती टिकली नाही. वडील सैन्यात अधिकारी होते आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ साली ते गेले. बेला तेव्हा दहा वर्षांचा. १९१८ मध्ये साम्राज्यच कोसळलं, पाठोपाठ महागाईने घरातला पैसा संपवला. फी भरता येईना म्हणून बेलाला काही काळ शाळा सोडावी लागली. फीची पावती हातात येईपर्यंत जीव टांगणीला लागणं काय असतं, हे आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांना सांगावं लागणार नाही. तो पुढे शिकला मात्र. १९२४ साली त्याने व्हिएन्नाच्या टेक्निकल कॉलेजात मेकॅनिकल इंजिनियरिंगला प्रवेश घेतला आणि १९२६ मध्ये शिक्षण पूर्ण केलं.

कॉलेजात असतानाच, १९२५ साली, त्याने एका गाडीचे आराखडे काढले. सामान्य लोकांना परवडेल अशी छोटी गाडी. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, समोरासमोर सिलिंडर असलेलं. मधून पाठीच्या कण्यासारखी चासी. वय वर्षं अठरा! आपण त्या वयात ड्रॉइंगच्या शीटवर बॉर्डर मारायला शिकत असतो. ज्यांना जुन्या गाड्यांची आवड आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. हे वर्णन पुढे जगभर गाजलेल्या फोक्सवॅगन बीटलशी जुळतं. त्या गोष्टीकडे नंतर येतोच, कारण तिचा निकाल लागायला जवळपास तीस वर्षं गेली.

डिग्री हातात आली, पण नोकरी काही एका जागी टिकेना. पुढे जागतिक मंदीचाही काळ आला. बारेनींनी ऑस्ट्रो-फियाट, स्टायर, ॲडलर अशा कंपन्यांत काम केलं. जिथे गेले तिथे डोक्यात नव्या कल्पना आणि हातात कागद. मालकांना मात्र उद्या विकता येईल असं काहीतरी हवं असायचं. दहा-बारा वर्षं अशीच गेली.

१९३९ साली त्यांनी डाइमलर-बेंझ, म्हणजे मर्सिडीज बनवणाऱ्या कंपनीत अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. ते पुन्हा प्रयत्न करत राहिले आणि शेवटी संचालक मंडळातले विल्हेल्म हास्पेल यांच्यासमोर मुलाखतीला बसले. आपल्याला प्लेसमेंट सेलवाले काय सांगतात? कंपनीबद्दल चांगलं बोला, आत्मविश्वास दाखवा, वाद घालू नका. बारेनींनी नेमकं उलटं केलं. सध्याच्या मर्सिडीज गाड्यांत काय सुधारायला हवं, असं विचारल्यावर त्यांनी ॲक्सल, स्टिअरिंग असं करत करत जवळजवळ सगळ्या गाडीचाच पाढा वाचला. सगळंच चुकतंय, असा एकूण सूर. आपल्यासारख्याला तिथल्या तिथे नमस्कार करून बाहेर पाठवलं असतं. हास्पेल यांनी वेगळा विचार केला. हा माणूस पंधरा-वीस वर्षं पुढचं बघतोय आणि एवढ्या मोठ्या कंपनीला फक्त आजच्यापुरतं बघून चालणार नाही, असं म्हणून त्यांनी बारेनींना कामावर घेतलं आणि झिंडलफिंगेनच्या कारखान्यात स्वतंत्रपणे विचार करायची मोकळीक दिली. जे सुचेल ते थेट पेटंट विभागाकडे जाईल अशी व्यवस्था केली. बारेनींची हुशारी खरीच, पण हास्पेल यांची पारखही तेवढीच मोठी म्हटली पाहिजे.

ते दिवस मात्र साधे नव्हते. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. कंपनी नाझी सरकारच्या सैन्यासाठी माल बनवत होती आणि तिच्या कारखान्यांत पकडून आणलेल्या लोकांकडून सक्तीची मजुरी करून घेतली जात होती. चरित्र लिहिताना हे पान उलटून पुढे जाणं बरोबर नाही. युद्ध संपल्यावर बारेनींची नोकरी गेली. १९४६ ते १९४८ ते कंपनीच्या बाहेर होते. या काळातही ते घरी कागदावर गाड्या काढतच होते. त्या आराखड्यांत एक गोष्ट परत परत दिसते. गाडी म्हणजे एक अखंड डबा असं न मानता ते तिचे तीन भाग करतात. पुढचा, मधला आणि मागचा. माणसं बसतात फक्त मधल्या भागात. १९४८ मध्ये ते परत कंपनीत आले तेव्हा ही कल्पना पक्की होत आली होती.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १३.९ मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे ती जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली टाकण्यासारखंच आहे. ८०० किलोच्या गाडीत या वेगाला सुमारे ७७ किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबली की ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, हे तर व्हायवाला हमखास विचारतात.

समजा गाडी इतकी टणक आहे की तिचा पुढचा भाग फक्त १० सेंटिमीटर दबला. म्हणजे १३.९ मीटरचा वेग १० सेंटिमीटरमध्ये शून्य झाला. आकडेमोड केली तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या ९८ पट येतं. बेल्ट लावून बसलेल्या ६० किलोच्या माणसावर जवळजवळ सहा टनांचा जोर! आता तोच पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळू द्या. आकडा सोळा पटींवर येतो आणि जोर एक टनाच्या आत. तेवढा धक्का, बेल्ट असेल तर, माणूस सोसू शकतो. गाडी तीच, वेग तोच, भिंत तीच. फरक फक्त अर्ध्या मीटरचा. क्रिकेटचा कॅच घेताना आपण हात मागे घेतो ते याचसाठी. हात ताठ ठेवला तर चेंडू उडून जातो आणि बोटं सुजतात.

आपण कॅच घेताना करतो तेच बारेनींनी गाडीला शिकवलं. मधली केबिन भक्कम ठेवायची, तिचा आकार बदलता कामा नये. पुढचा आणि मागचा भाग मात्र मुद्दाम कमी टणक करायचा, आणि तोही ठरवून, म्हणजे टोकाला सगळ्यात मऊ आणि केबिनकडे येत जाऊ तसा टणक. टक्कर झाली की टोकं चुरगळतील, ऊर्जा पत्रा वाकवण्यात खर्च होईल आणि माणसांपर्यंत थोडीच पोचेल. इंग्लिशमध्ये याला क्रम्पल झोन म्हणतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे याला मराठीत काय म्हणायचं ते मी आईला विचारलं. तिने चुरगळपट्टा असा शब्द सुचवला. मला तो इंग्लिशपेक्षा आवडला.

२३ जानेवारी १९५१ रोजी या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज झाला आणि ऑगस्ट १९५२ मध्ये ते मंजूर झालं. पेटंटचा नंबर ८५४१५७. मोटारींच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हा नंबर प्रसिद्ध आहे. त्या काळात ही कल्पना किती उलटी वाटली असेल याचा विचार करा. प्रत्येक कंपनी आमची गाडी कशी दणकट हे सांगून माल विकत होती, आणि हा माणूस म्हणतोय की गाडी मोडू द्या! जाहिरातीत हे लिहायचं कसं? तरी कंपनीने दम धरला. १९५३ च्या मर्सिडीज १८० मध्ये बारेनींची प्लॅटफॉर्म फ्रेम आली. मग १९५९ साली मागच्या बाजूला माशाच्या कल्ल्यासारखे उभे पंख असलेली मर्सिडीज २२० ची मालिका निघाली. भक्कम केबिन आणि पुढे-मागे चुरगळणारे भाग, असं ठरवून बनवलेली ही पहिली गाडी. कागदावरची गोष्ट रस्त्यावर यायला आठ वर्षं लागली होती.

पण कागदावरचं गणित खरं आहे हे दाखवायचं कसं? त्यासाठी गाड्या फोडाव्या लागणार. १० सप्टेंबर १९५९ रोजी झिंडलफिंगेनमध्ये कंपनीने आपली पहिली क्रॅश टेस्ट घेतली. तेव्हा आजच्यासारख्या चकचकीत लॅब नव्हत्या. टेस्ट उघड्या मैदानावर व्हायची. इंजिनशिवाय उडणारी ग्लायडर विमानं वर चढवायला जो दोर ओढणारा विंच वापरतात, तोच आणून त्याने गाडी ओढायची आणि अडथळ्यावर नेऊन आदळायची. पुढे १९६२ पासून गाडीमागे गरम पाण्याचं रॉकेट लावायला सुरुवात झाली. टाकीत दाबाखाली तापवलेलं पाणी एकदम सोडलं की वाफेच्या जोराने गाडी सुसाट सुटायची. आपल्या एखाद्या जुगाडू प्रोजेक्टसारखंच वाटतं ना? पण त्यातून जे आकडे मिळाले त्यांनी वाद मिटवला. केबिन टिकत होती आणि पुढचा भाग ठरवल्यासारखा दबत होता.

इथे अजून एका माणसाचं नाव घ्यायला हवं. त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी बांधणारा सीट बेल्ट आणला, आणि कंपनीने तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. चुरगळपट्टा आणि बेल्ट ही जोडी आहे. गाडी कितीही छान चुरगळली तरी आतला माणूस बांधलेला नसेल तर तो १३.९ मीटरच्या वेगाने पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर थांबतो. मग ते ६० सेंटिमीटर त्याच्या काही उपयोगाचे नाहीत. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, हे वाक्य परत एकदा वाचावं.

बारेनी एवढ्यावर थांबले नाहीत. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा सरळ असायचा. समोरून टक्कर झाली की तो भाल्यासारखा मागे येऊन ड्रायव्हरच्या छातीत घुसायचा. बारेनींनी टकरीत दबणाऱ्या स्टिअरिंगवर काम केलं आणि त्याचं पेटंट १९६३ चं आहे. ते पूर्ण रूपात १९७६ च्या मर्सिडीजमध्ये दिसलं. १९६३ मध्येच आलेल्या २३० एसएल या स्पोर्ट्स गाडीचं छप्पर मधोमध खोलगट होतं. लोक त्याला पॅगोडा म्हणू लागले. बघणाऱ्यांना ती स्टाइल वाटली, पण मूळ कल्पना बारेनींची आणि कारण मजबुतीचं. आकारामुळे पातळ पत्राही जास्त जोर पेलतो, हे आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये शिकतोच. पुढे १९६६ च्या सुमारास बारेनी आणि कंपनीचे हान्स शेरेनबर्ग यांनी ॲक्टिव्ह सेफ्टी आणि पॅसिव्ह सेफ्टी अशी विभागणी मांडली. अपघात टाळायला मदत करते ती ॲक्टिव्ह, जसे ब्रेक. अपघात झालाच तर माणूस वाचवते ती पॅसिव्ह, जसा चुरगळपट्टा. ही विभागणी आज जगभर शिकवली जाते.

आता बीटलची राहिलेली गोष्ट. फोक्सवॅगन बीटल लाखोंनी खपत होती आणि तिचं श्रेय फर्डिनांड पोर्शे यांना मिळत होतं. १९२५ च्या आराखड्यांचं संरक्षण करेल असं पेटंट बारेनींच्या हातात नव्हतं. पण मूळ कल्पना आपली होती, हे त्यांना जगासमोर मान्य करून घ्यायचं होतं. १९५० च्या दशकात मॅनहाइमच्या कोर्टात हे प्रकरण गेलं आणि कल्पनेचं श्रेय बारेनींना मिळालं. भरपाई किती? एक मार्क. फक्त नाममात्र. आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम एकाचं आणि नाव चौघांचं असलं की आपण किती चिडतो ते आठवा. या माणसाने तीस वर्षांनी एक मार्क घेतला आणि परत ड्रॉइंग बोर्डावर जाऊन बसला. पण तेव्हापासून त्यांनी कल्पनेचं पेटंट घेण्यात कधी कुचराई केली नाही असं म्हणायला हरकत नाही, कारण १९७२ मध्ये ते निवृत्त झाले तोवर त्यांच्या नावावर २५०० हून जास्त पेटंटं जमली होती. थॉमस एडिसनची अमेरिकेतली पेटंटं १०९३ आहेत.

एवढं सगळं झाल्यावर आता त्या लोखंडी गार्डकडे वळू. दुकानदार ज्याला नुसतं प्लॅस्टिक म्हणतो, ते बंपरचं फक्त कव्हर असतं. त्याच्या मागे एक आडवी बीम असते. बीमच्या दोन्ही टोकांना क्रॅश बॉक्स, म्हणजे हलक्या टकरीत आधी दबणारे डबे. त्यांच्या मागे दोन लांब मेंबर्स, ज्यांवर कुठे घडी पडावी यासाठी मुद्दाम खाचा आणि उंचवटे दिलेले असतात. हे सगळं मिळून चुरगळपट्टा होतो. छोट्या गाडीचं बॉनेट आधीच आखूड, त्यामुळे तिथे एकेक सेंटिमीटर मोलाचा असतो.

गार्ड बसवणारा काय करतो? बंपरच्या मागे जिथे मजबूत लोखंड सापडेल, बऱ्याचदा त्या मेंबर्सच्या टोकालाच, तो गार्ड नट-बोल्टने आवळतो. आता टक्कर झाली की जोर आधी जाड पाइपवर येतो आणि पाइप तो थेट मेंबर्सवर ढकलतो. मऊ टोकापासून टणक मधल्या भागाकडे असा जो क्रम बारेनींनी बसवला, त्याची सुरुवातच पुसली जाते. हलक्या टकरीत जिथे फक्त बंपर आणि क्रॅश बॉक्स बदलून भागलं असतं, तिथे मेंबर वाकू शकतो. जोरदार टकरीत धक्का आत जास्त जाऊ शकतो. एअरबॅगचंही तसंच. टक्कर किती मोठी आहे हे सेन्सर्सना डोळ्याची उघडझाप व्हायच्या आत ठरवायचं असतं, आणि हा हिशोब कंपनीने गार्ड नसलेल्या गाडीवर बसवलेला असतो. पुढे दुसरंच काही लावलं तर एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा चुकीच्या वेळी.

आणि गाडीबाहेरच्या माणसाचं काय? प्लॅस्टिकचं कव्हर आणि पातळ बॉनेट पायी चालणाऱ्याला निदान थोडं तरी सांभाळून घेतं. लोखंडी पाइप तेवढंही करत नाही, आणि पाइप नेमका मांडीच्या, कमरेच्या किंवा लहान मुलाच्या छातीच्या उंचीवर असतो. म्हणून तर युरोपियन युनियनने २००५ मध्ये अशा गार्डसाठी नियम केले आणि पादचाऱ्यांच्या टेस्टमध्ये पास होतील असेच गार्ड चालतील असं ठरवलं. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बसवणाऱ्यांवर मोटार वाहन कायद्याखाली कारवाई करायला सांगितलं.

गार्ड हा प्रकार मुळात वाईटच, असं मला म्हणायचं नाही. ऑस्ट्रेलियात शेकडो किलोमीटर ओसाड रस्ता असतो आणि रात्री कांगारू आडवे येतात. तिथे जड गाड्यांना गार्ड लावतात तेव्हा त्यामागे कारण असतं, आणि तिथे गाडीच्या सेन्सर्सचा विचार करून बनवलेले गार्डही मिळतात. पण आपण जो घेतो तो मापाचा पाइप वाकवून, वेल्डिंग करून, वर क्रोम मारून दिलेला असतो. त्याची टेस्ट कुणी घेतली? कुणीच नाही.

माझ्या मामाने छोटी गाडी घेतली तेव्हा गार्डवरून आमच्या घरी बरीच चर्चा झाली. मामाचं म्हणणं सरळ होतं. घाटात म्हशी, गावात ट्रॅक्टर, शहरात पार्किंगमध्ये ठोकणारे, मग काहीतरी संरक्षण नको का? मी त्याला वरचं गणित वहीत करून दाखवलं. ९८ आणि १६ हे दोन आकडे बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने गार्डसाठी ठेवलेले पैसे रिव्हर्स पार्किंग सेन्सर आणि चांगल्या टायर्सवर घातले. ओरखड्यांची काळजी असेल तर बंपरच्या कोपऱ्यांना रबरी पट्ट्या मिळतात. त्या स्वस्त आहेत आणि त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. ज्यांच्या घरच्या गाडीला गार्ड आधीच आहे त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर पाना घेऊन तो उतरवावा. काही बोल्ट सोडायचं तर काम.

आपल्या देशात हा विषय उशिरा आला. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्ट जाहीर केल्या, आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. बारेनींच्या पेटंटला तेव्हा साठ वर्षं उलटून गेली होती! त्यानंतर गोष्टी हलल्या. २०१७ पासून नव्या मॉडेल्सना समोरच्या टकरीची टेस्ट सक्तीची झाली, २०१९ मध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झालं. पुण्याच्या एआरएआयमध्ये गाड्या फोडून बघतात, तेव्हा झिंडलफिंगेनच्या मैदानातलंच काम आपल्या मातीत चालू असतं. आपल्यातले काही जण उद्या तिथे नोकरीला असतील. इतक्या लोकांनी इतकी वर्षं खपून जो पुढचा भाग बनवला, तो आपण बाजारातल्या एका पाइपने निकामी करावा का, एवढाच प्रश्न आहे.

बारेनींना मानसन्मान मिळाले, पण बरेचसे उतारवयात. १९९४ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ३० मे १९९७ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन इथे ते वारले. नव्वद वर्षांचं आयुष्य. त्यांच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आणि आता जगातली जवळजवळ प्रत्येक कार कंपनी त्यांची कल्पना वापरते. ज्यांचे जीव त्यामुळे वाचले त्यांतल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंही नसेल.

मला त्यांची एक गोष्ट सगळ्यात जास्त शिकण्यासारखी वाटते. टणक म्हणजे सुरक्षित, हे सगळ्यांना पटत होतं, म्हणून त्यांनी ते खरं मानलं नाही. ऊर्जा जाते कुठे, हे आधी विचारलं. पुढच्या सेमिस्टरला मशीन डिझाइन आहे, तेव्हा फॅक्टर ऑफ सेफ्टी वाढवण्यासाठी डोळे झाकून जाडी वाढवायच्या आधी आपणही हा प्रश्न विचारून बघू या.